सदा नाखव्याचा राहिलेला रिटर्न

रेवदंड्याच्या कोळीवाड्यात टपाल आलं की टपालवाला सरळ हिरामण नाखव्याच्या ओटीवर जाई. वाड्यात वाचता येणारी माणसं थोडी, आणि हिरामण त्यांतला एक. पण १९५८ सालच्या मार्गशीर्षात एका दुपारी टपालवाला शेजारच्या दारात थांबला. पाकिटावर नाव होतं सदाशिव बाळू नाखवा. हिरामणचा थोरला भाऊ.

सदाची बायको केसर अंगणात दोरीवर बोंबील घालत होती. ती तशीच मासळीच्या हातांनी पाकीट घेऊन हिरामणकडे धावत आली.

"भावजी, यांच्या नावानं कागूद आलाय. सरकारी हाय."

हिरामणनं पाकीट फोडलं. कागद इन्कमटॅक्स कचेरीचा होता. सदाशिव नाखवा यांनी अमुक सालचा उत्पन्नाचा रिटर्न भरलेला नाही, तो महिन्याच्या आत भरावा, नाहीतर दंड होईल, असा मजकूर. त्यानं तो सोपा करून सांगितला. केसर म्हणाली, "म्हंजे सरकारला म्हाईत हाय."

"काय म्हाईत हाय?"

"ते हायत म्हणून. न्हाईतर मेलेल्या मानसाला कोन कागूद धाडील?"

हिरामणनं कागद घडी करून पाकिटात घातला. त्याची बायको बायजा आतून ऐकत होती. तिनं फक्त पदर तोंडाला लावला.

सदाचं गलबत होतं. चौलचे नारळ-सुपारी भरून मुंबईला न्यायचे आणि येताना कौलं, वाणसामान आणायचं, असा त्याचा धंदा. माणूस हिशेबाचा चोख. कराचा कागद दरसाल स्वतः अलिबागेला टिपणीस वकिलांकडे जाऊन भरून यायचा. चोपन्न सालच्या चैत्रात, होळी आटोपून तो मुंबईला गेला आणि परतताना खांदेरीच्या बाहेर अवकाळी वाऱ्यात गलबत सापडलं. बरोबरच्या एका खलाशाचं प्रेत किहीमच्या किनाऱ्याला लागलं. दुसऱ्याचं मिळालं नाही, पण त्याच्या घरच्यांनी पुतळा करून सगळे विधी उरकले. सदाच्या गलबताचं सुकाणू सापडलं, सदा सापडला नाही.

केसरनं कपाळ पुसलं नाही की बांगड्या फोडल्या नाहीत. दहाव्याला भटजी आले तर त्यांना चहा दिला आणि परत पाठवलं. "एखाद्या बोटीनं उचलला आसंल. अरबस्तानाकडं गेली आसंल ती बोट. यायला वेळ लागतो," एवढंच तिचं म्हणणं. वाड्यातल्या बायका आधी समजावायला आल्या, मग चिडल्या, मग त्यांनी सोडून दिलं. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवत नसे आणि विधवांतही ती बसत नसे. सुकी मासळी घेऊन ती पोयनाडच्या बाजाराला जाई, संध्याकाळी परत येई, आणि दोन माणसांपुरता भात टाकी. उरलेला सकाळी स्वतः खाई.

त्या गोंधळात सदाच्या शेवटच्या सालचा रिटर्न राहून गेला. पुढं हिरामणनं दुसरं गलबत घेतलं, स्वतःच्या नावानं कर भरू लागला. भावाच्या नावानं काही भरायचं राहिलंय हे ना त्याच्या ध्यानात आलं, ना वकिलांच्या.

दुसऱ्याच दिवशी तो एसटीनं अलिबागेला गेला. टिपणीस वकील म्हातारे, दम्याचे. कागद वाचून त्यांनी चष्मा काढला.

"सोपं आहे. माणूस गेला तर वारसानं भरायचं. म्हणजे त्याच्या बायकोनं. उशीर का झाला याचा एक अर्ज जोडू. पती मयत झाले, मी अडाणी बाई, मला ठाऊक नव्हतं, असा. दंड बहुतेक माफ होईल."

"ती मयत म्हनायची न्हाय, वकीलसाहेब."

"मग कोण म्हणून सही करणार ती?" वकील खोकले. "आणि नाही भरलं तर ते वसुलीला येतील. तुझं गलबत भावाच्या पैशातून घेतलंयस. ते मोकळं राहील अशी हमी मी देत नाही."

गलबतावर हिरामणचा संसार होता, आणि केसरचाही. तिच्या घराची कौलं, तिचे तांदूळ, सगळं त्यातूनच येत होतं. वकिलांनी अर्ज लिहून त्याच्या हातात दिला. देताना म्हणाले, "सगळाच वाचून दाखवायची गरज नाही. समजलं ना?"

वाटभर त्यानं तो कागद सदऱ्याच्या आत धरला होता. चौल गेलं, वाड्या गेल्या, त्याला काही दिसलं नाही. घरी आल्यावर बायजाला सांगितलं. ती म्हणाली, "सांगा तिला खरं काय ते." तो म्हणाला, "तू सांग."

शेवटी त्यानंच केसरसमोर अर्ज वाचला. "माझे पती सदाशिव बाळू नाखवा," इथं तो अडखळला, आणि पुढचं वाचलं, "यांचा रिटर्न भरायचा राहिला, तरी माफी असावी." मधला शब्द त्यानं गिळला. केसरनं अंगठा पुढं केला. शाई लावताना तिचा हात त्याच्या हातात होता. तिनं विचारलं, "हे भरलं म्हंजे त्यांच्यावर काय बालंट न्हाय ना येनार? आल्यावर त्यांना त्रास नको."

"न्हाय येनार," हिरामण म्हणाला.

ठाण्याहून इन्कमटॅक्सचा साहेब सुनावणीसाठी अलिबागच्या डाकबंगल्यात कॅम्पला आला होता. वकिलांना दम्यानं उठवेना, म्हणून हिरामण आणि केसर दोघंच गेली. व्हरांड्यात व्यापारी, बागायतदार ताटकळत होते. केसरनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं, कपाळाला चांगलं ठसठशीत कुंकू होतं.

साहेब चाळिशीचा, अंगानं किरकोळ. त्यानं अर्ज वाचला, मान वर करून केसरकडे पाहिलं, पुन्हा अर्जाकडे पाहिलं.

"बाई, अंगठा तुमचा?"

"व्हय."

"म्हणजे पती मयत आहेत तुमचे. केव्हा वारले?"

व्हरांड्यातली माणसं बोलत होती ती बोलतच राहिली. केसरनं हिरामणकडे बघितलं. रागानं नाही. बाजारात एखादा ओळखीचा माणूस वजनात मारतोय हे कळल्यावर बघावं, तसं. हिरामणनं मान खाली घातली.

"साहेब," ती म्हणाली, "तसं लिवलंय हे मला म्हाईत न्हवतं. तेवढं मला वाचून न्हाय दाखवलं."

साहेबानं टाक खाली ठेवला. हिरामण पुढं होऊन सांगू लागला, गलबत, वारा, खांदेरी, सुकाणू. साहेबानं सगळं ऐकून घेतलं. मग केसरनं विचारलं, "ते न्हायत, तर कागूद त्यांच्या नावानं कसा आला?"

साहेबाला प्रश्न आधी कळला नाही. कळल्यावर तो जरा हळू बोलला. "बाई, आमच्या यादीत त्यांचं नाव आहे. कुणी कमी करा म्हणून कळवलं नाही, म्हणून राहिलंय. कारकून नाव बघून नोटीस काढतो. त्याला ते कुठे आहेत याची काही खबर नसते."

"काईच खबर नसती?"

"नाही."

केसर उभ्या उभ्या टेबलाच्या कडेला टेकली. महिनाभर तिनं त्या एका पाकिटावर किती इमले बांधले होते ते हिरामणला ठाऊक होतं. पोयनाडच्या बाजारात तिनं बायकांना सांगितलं होतं, सरकारनं त्यांना कागूद धाडलाय म्हणून. साहेबानं शिपायाला पाणी आणायला सांगितलं. ती प्याली नाही.

"मी असं करतो," साहेब म्हणाला. "तुम्हाला पटत नाही त्यावर तुमचा अंगठा मी घेणार नाही. दुसरा अर्ज लिहू. पती गलबतासह बेपत्ता आहेत, परत आलेले नाहीत, म्हणून त्यांच्या वतीनं पत्नी भरते. चालेल?"

"तेवढंच लिवा," केसर म्हणाली. "आनी मला वाचून दाखवा. तुमी दाखवा."

साहेबानं स्वतःच्या हातानं लिहिलं आणि शब्द न् शब्द वाचून दाखवला. तिनं अंगठा दिला. कर भरावा लागला, दंड माफ झाला. कराचे पैसे हिरामण काढू लागला तेव्हा तिनं कनवटीचे काढून टेबलावर ठेवले.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. हिरामण म्हणाला, "वयनी, गलबत जाईल म्हनून भ्यालो मी." ती बाहेर बघत होती. नागाव गेल्यावर म्हणाली, "मला सांगितलं आसतं तर मी न्हाय म्हनले आसते. मग तू दुसरं काय ते बघितलं आसतंस. चार वरसं तू माझ्यासमोर ते गेले असं एकदाबी बोलला न्हायस, म्हनून मी तुला धरून व्हते."

तिनं भांडण काढलं नाही. हिरामणच्या पोरांना खाऊ देत राहिली, बायजाच्या बाळंतपणात मागच्या दारानं येऊन महिनाभर राबली. पण हिरामणच्या ओटीवर ती चढली नाही, आणि कागद म्हणून कोणताही त्याच्यापुढं धरला नाही. पुढच्या वर्षी शाळेत बायकांसाठी संध्याकाळचा वर्ग निघाला, त्यात पहिलं नाव केसरचं होतं. मासळीचा वास येतो म्हणून एकदोघी सरकून बसत. ती तशीच बसे आणि पाटीवर अक्षरं गिरवी. बोटं जाड झालेली, लेखणी मोडे. दोन पावसाळ्यांनंतर तिला अडखळत का होईना, वाचता येऊ लागलं.

रात्रीचा भात मात्र ती एकटीपुरता टाकू लागली होती. हे बायजानं हिरामणला सांगितलं. आपण गिळलेला तो शब्द तिला कुणी ऐकवला, साहेबानं की आपण, याचा त्याला उलगडा होईना.

बासष्ट साली पंचायतीचा कारकून घरपट्टीचा कागद घेऊन आला. तो हिरामणकडे वळला तेव्हा केसरनं त्याला हाक मारून आपल्या दारात बोलावलं, कागद हातात घेतला आणि उन्हात धरून एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचू लागली. कारकून घाईत होता, पाय बदलत होता. हिरामणनं त्याला आपल्या ओटीवरून खूण केली, थांब म्हणून.