फुआतिनोचा श्वास

आमच्या गावात ‘वाऱ्याची बाई’ म्हणजे फुआतिनो, माझी थोरली जाऊ. दर मंगळवारी ती काचेची बाटली घेऊन समुद्रात घुसलेल्या खडकावर जायची. वाऱ्याकडे तोंड करायचं, श्वास रोखायचा आणि तोटी उघडायची. हवा भरून तोटी बंद झाली की मगच श्वास. हवेतला कार्बन वायू किती वाढला, ते त्या बाटल्यांवरून परदेशात मोजत. “साऱ्या जगाचा धूर माझ्या हातात,” असं ती चर्चबाहेर मिरवायची.

यंदा खोकल्यानं तिची छाती धरली. तिच्या बाटल्यांत माणसाचा श्वास मिसळलाय, असा राजधानीतून, आपियाहून निरोप आला. काम गेलं माझ्या लेकीकडे, आयलिनीकडे. चर्चच्या गाण्यात सगळ्यांत लांब सूर तिचाच.

“काकी, एकदा दाखवाल का कसं करायचं?” तिनं विचारलं.

“तुला काय दाखवायचं? तुझा दम साऱ्या गावाला ऐकू येतो.”

रविवारी मी भट्टीत भाजलेले टारोचे कंद वाढत होते, तेव्हा फुआतिनो मला म्हणाली, “लेकीला दोन जास्त वाढ. आता जग तिच्या छातीवर चाललंय.” मुलं खुसखुसली. गावात आता आयलिनीलाच ‘वाऱ्याची बाई’ म्हणायला लागले होते.

मंगळवारी मी लेकीच्या आधीच खडकावर गेले. बघते तर फुआतिनो अगदी टोकाला बसलेली. पुढ्यात नारळाच्या शेंड्यांचा ढीग, हातात काडेपेटी.

“जाऊबाई, हे काय?”

“खेकडे भाजतेय.”

खेकडा एकही नव्हता.

“इथं पेटवलंत तर धूर सरळ पोरीच्या बाटलीत जाईल. तिचंही काम जाईल.”

“समुद्र काय तुझ्या माहेरून आणलायस?”

तेवढ्यात आयलिनी आली. तिनं आम्हाला लांबून हात केला, बाटली उंच धरली आणि श्वास रोखला. फुआतिनोनं काडी काढली. मी तिचा हात धरायला पुढं झाले, पण तिनं काडी पेटीवर ओढलीच नाही. तिचे गाल फुगले होते, ओठ घट्ट मिटलेले, डोळे पोरीच्या बाटलीवर. चेहरा जांभळा पडत चालला.

तोटी बंद झाली. आयलिनीनं शांतपणे श्वास घेतला. फुआतिनो मात्र खोकून खोकून वाकली. आयलिनी धावत आली.

“काकी, काय झालं?”

“तोटी किती वेळ उघडी ठेवतेस गं! मेले असते मी.” तिनं डोळे पुसले, काडेपेटी कमरेला खोचली. “आणि कोपर खाली आलं होतं तुझं. माझं कधी यायचं नाही.”