भार्गवीचे चार पेले
पाण्याच्या बाबतीत चामराजपेटच्या प्रमोदिनीअक्कांचा अकरा वर्षांच्या लेकीवर, भार्गवीवर, काडीचा विश्वास नव्हता. मूत्रपिंडाच्या आजारामुळे तिला दिवसाला चारच पेले पाणी चाले. अंगात पाणी साठून वजन जरा वाढलं की शाळेतून येताच अक्का तिचे ओठ ओले आहेत का बघत.

इस्पितळात दोघींना वेगवेगळे कागद भरायला दिले. सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो, या प्रश्नापुढे अक्कांनी लेकीसाठी ‘तहानेचा’ लिहिलं. भार्गवी हात आडवा धरून लिहीत होती. काहीतरी लपवतेय, म्हणून अक्कांनी कागद ओढलाच.

‘आई ओठ बघते त्याचा.’

“चोरून पितेस ना?”

“नाही म्हटलं तर पटणार आहे का तुला?”

घरी अक्कांनी मोजायचा पेला तिच्या हातात दिला. “सरी, ठीक आहे, उद्यापासून तूच मोज.” बोलताना नजर मात्र ओठांवर गेलीच.