डाळिंबाची हजामत

सलूनवाल्या काकांचा हात चालला तरच तोंड चालायचं. कात्री खाली ठेवली की माणूस मुका. जेवताना मीठ हवं असलं तरी काकूंना बोटानं दाखवायचे. तेच गिऱ्हाईक खुर्चीत बसलं रे बसलं, की अख्ख्या जगाची खबरबात सुरू. गिऱ्हाइकं बिचारी डोळे मिटून झोपेचं सोंग घ्यायची. मन लावून ऐकणारं एकच होतं, ते म्हणजे दुकानामागच्या अंगणात, पिंपात लावलेलं डाळिंब.

रोप काकूंनी आणलेलं. घरच्या झाडाचं डाळिंब खायचं, एवढीच त्यांची हौस. पण काकांना वाढलेली फांदी बघवते कुठली! दर सुट्टीला ते बुंध्याला पांढरं कापड गुंडाळायचे, पाण्याचा फवारा मारायचे आणि कंगव्यानं पानं उभी करून शेंडे कातरायचे. कातरता कातरता मनातलं सगळं सांगायचे. गुडघा दुखतो, समोर नवं सलून निघालंय, भीती वाटते. शेवटी मागून आरसा धरून विचारायचे, ठीक आहे ना? झाडानं कधी तक्रार केली नाही. तेही असं गोल गरगरीत दिसायचं, की शाळेच्या फोटोत पहिल्या रांगेत बसवावं.

फळाचा मात्र पत्ता नाही. खत घालून झालं, माती बदलून झाली, काकांनी तर बुंध्याला मालिशही केली. शेवटी काकूंचा संयम सुटला. या मोसमात फळ लागलं नाही तर झाड आपल्या भावाच्या अंगणात जाईल आणि इथे कपडे वाळत घालायची दोरी येईल, असं त्यांनी ठणकावून सांगितलं. काकांना एकच प्रश्न पडला. झाड गेलं तर बोलायचं कोणाशी? काकूंशी बोलावं, तर त्यांनी आपल्या केसांना नवऱ्याचा हात कधी लागूच दिला नव्हता. झाडाचं काय करून ठेवलंय ते बघतेय ना मी, म्हणायच्या.

घाबरून काकांनी कातरणं दुप्पट केलं. आणि नेमके साबणाच्या फेसावरून घसरले, मनगट मोडलं, हात प्लॅस्टरमध्ये. दुकान बंद. इकडे डाळिंब मोकाट सुटलं. सलूनवाल्याच्या घरचं झाड आणि हा अवतार! काकांना शरमेनं अंगणात पाऊल टाकवेना. ते काकूंच्या मागे मागे फिरून डाव्या हाताच्या दोन बोटांनी कात्रीची खूण करत राहिले.

पिच्छा सुटावा म्हणून काकूंनी कात्री घेतली, पहिली फांदी धरली आणि थांबल्या. शेंड्यावर लालचुटुक कळी होती. शेजारच्या फांदीवरही होती. असले लाल मणी त्यांनी कितीदा तरी पाल्याबरोबर झाडून केरात टाकले होते.

"अहो," त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं तुम्ही फळंच कापत आलात."

काका पायरीवर बसून ढसाढसा रडले.

काकूंनी झाडाला कात्री लावायची नाही अशी ताकीद दिली. डाळिंबं धरली, चांगली मुठीएवढी झाली. झाड राहिलं. प्लॅस्टरही निघालं. पण सुट्टीच्या दिवशी काका रिकाम्या हातानं झाडासमोर उभे राहायचे, तोंड उघडायचे आणि शब्द काही फुटायचा नाही. तसेच घरात यायचे, मुकाट जेवायचे. काकू स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे बघायच्या आणि त्यांना घास जायचा नाही.

एका सुट्टीला त्यांनी पिंपाशेजारी स्टूल मांडलं, पांढरं कापड स्वतःच गळ्याभोवती बांधलं, अंबाडा सोडला आणि कात्री काकांच्या हातात दिली.

"टोकं तेवढी सारखी करा," त्या म्हणाल्या. "आणि बोला त्याच्याशी. मी ऐकत नाहीये."

काकांचा हात चालू लागला. सुरुवात त्यांनी गुडघ्यापासून केली. तो इतका दुखतो, हे काकूंना त्या दिवशी कळलं.