पहिली तपासणी माझी व्हायला हवी होती

"अझूस्पर्मिया," डॉक्टर म्हणाले. म्हणजे वीर्यात शुक्राणू एकही नाही. मग त्यांनी माझ्या दंडांकडे पाहिलं आणि विचारलं, "जिममध्ये कसली इंजेक्शनं घेता?"

शेजारी बायको बसली होती, अश्विनी. मी म्हणालो, "छे, कसलीच नाही."

सदाशिव पेठेतल्या त्या दवाखान्यापासून वारज्यातल्या घरी येईपर्यंत ते खोटं मला सलत होतं. लग्नाआधीपासून मी टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, टोचून घेत होतो. ट्रेनर म्हणाला होता, बॉडी होते, बाकी काही होत नाही.

दोन वर्षं मूल होत नव्हतं आणि तपासण्या सगळ्या तिच्या. थायरॉइड, सोनोग्राफी, एचएसजी. एचएसजी म्हणजे गर्भाशयात औषध सोडून नलिका मोकळ्या आहेत का ते पाहणारा एक्स-रे. ती आत कळवळत होती, मी बाहेर मोबाइल बघत होतो. माझी तपासणी एका डबीत नमुना देऊन होणारी, पण "मला काय धाड भरलीय?" म्हणत मीच इतके दिवस टाळली. गाढवपणा, दुसरं काय.

पुढचे आठ दिवस जेवण जाईना. हार्डवेअरच्या दुकानात गिऱ्हाइकानं खिळे मागितले तर स्क्रू देत होतो.

डॉक्टरांनी सांगितलेल्या रक्ततपासणीचा रिपोर्ट घ्यायला एकटाच गेलो. एफएसएच आणि एलएच, म्हणजे मेंदूकडून वृषणांना कामाला लावणारी हार्मोन्स, जवळजवळ नव्हतीच.

"खोटं बोलायचं तर रक्तालाही पढवून आणायचं," डॉक्टर म्हणाले. "बाहेरून आयतं मिळालं की शरीर स्वतःचं काम थांबवतं. शुक्राणू परत येऊ शकतात. महिने लागतील, हमी नाही. आणि आधी घरी सांगा."

घरी आलो तर आई अश्विनीला कुठलासा काढा पाजत होती. "नाक दाबून पी, पण पी. माझ्या पोरात काय कमी हाय?"

अश्विनीला माझा रिपोर्ट ठाऊक होता. तरी ती मुकाट पीत होती. मला स्वतःची किळस आली.

"आई, ठेव तो पेला. दोष माझ्यात आहे. मी इंजेक्शनं घेत होतो."

आईनं पेला खाली ठेवला. अश्विनी एवढंच म्हणाली, "डॉक्टरांनी विचारलं तेव्हाच सांगाल असं वाटलं होतं." त्यानंतर महिनाभर ती कामापुरतं बोलली. बरोबरच होतं तिचं.

इंजेक्शनं थांबली, डॉक्टरांची औषधं सुरू झाली. दंड ओसरले, चिडचिड वाढली. सात महिन्यांनी रिपोर्टमध्ये शुक्राणू दिसले, थोडेसेच. मूल अजून नाही. प्रत्येक महिना जीव टांगणीला लावून जातो.

वय, वजन, तंबाखू, थायरॉइड, कारणं बरीच असतात आणि ती दोघांतही असतात. वर्षभर वाट पाहून झाली असेल तर बायकोबरोबर तुम्हीही तपासून घ्या. आणि डॉक्टरांपासून काही लपवू नका.

परवा एका बारशाला काकीनं सगळ्यांसमोर अश्विनीला विचारलं, "तुझं कधी गं?"

मी म्हणालो, "काकी, उपचार माझे चालू आहेत. मला विचार."

काकी वाढत पंगतीत पुढं सरकली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच अशा समारंभात अश्विनी मान वर करून जेवली.