निमकरांची अँटेना

पुरुषोत्तमराव निमकर रिकामे बसलेत असं इंग्लंडातल्या त्या ऑटली गावात कधी कुणी पाहिलं नव्हतं. बायको, यमुनाबाई, गेल्या आणि त्यानंतर त्यांना दुसरं काही करताना कुणी पाहिलं नाही. खिडकीजवळची खुर्ची, हातात चहाचा मग, आणि मगातला चहा गार. जन्मभर लीड्सच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे फोन जोडून दिले, आणि आता स्वतःच्या घरचा फोन वाजला तरी उठायचे नाहीत. का, तर म्हणे कुणाचा असणार? आता याला काय म्हणावं!

घरात माणसं नव्हती असंही नाही. आई गेल्यावर मुलगा अपूर्व आणि सून वैभवी आपला फ्लॅट सोडून त्यांच्याकडेच राहायला आले होते. वैभवी पुण्याची, कॉम्प्युटरमधली. दिवसभर वरच्या खोलीत मीटिंगा. अपूर्व इथलाच जन्मलेला, मराठी जरा मोडकी, आणि त्याचं काम म्हणजे डेल्सच्या डोंगरदऱ्यांतल्या शेतकऱ्यांची कुंपणं घालणं. निमकरांचा मुलगा खड्डे खणतो यावर महाराष्ट्र मंडळात बरीच कुजबुज झाली होती. पुरुषोत्तमरावांनी तेव्हा भर गणपतीत सगळ्यांना सुनावलं होतं, "त्याला मोकळ्या हवेत बरं वाटतं. तुमच्या पोटात का दुखतंय?" हे आता पूर्वीचं झालं. हल्ली ते कुणाला सुनावतही नसत.

तर एका सकाळी अपूर्व टोस्ट खाता खाता म्हणाला, "बाबा, माझा पिकअपवर सीबी लावून द्याल का?"

पुरुषोत्तमरावांनी मग खाली ठेवला. "सीबी? आता कोण वापरतं रे?"

"तिकडे व्हॅलीमध्ये फोन लागत नाही. काम अडतो माझा. कधी काही झाला तर घरी कसा कळणार?"

बास. एवढंच वाक्य, पण दुपारी वैभवी मीटिंग संपवून खाली आली तर खुर्ची रिकामी आणि माळ्यावरून धडाधड खोकी सरकवल्याचे आवाज. शिडीवर सासरे. "अहो बाबा, गुडघा!" ती ओरडली. "गुडघा गेला खड्ड्यात," वरून उत्तर आलं. तिनं अपूर्वला लगेच मेसेज केला, आणि त्याचं उत्तर आलं त्यात नुसते हसरे चेहरे होते.

सीबी म्हणजे एके काळचा ट्रकवाल्यांचा रेडिओ. ना नंबर, ना बिल. चॅनल लावायचा आणि माइकचं बटण दाबून बोलायचं, की आसपासच्या चार गावांत जो ऐकत असेल त्याला ऐकू जातं. ऐंशीच्या दशकात साऱ्या यॉर्कशरला त्याचं वेड लागलं होतं, मग पुरुषोत्तमराव कसे मागे राहतील? तिथं प्रत्येकाला एक टोपणनाव घ्यावं लागे. त्यांनी घेतलं 'मिसळ'. टेलिफोन कंपनीच्या व्हॅनमधून ते हिंडायचे आणि स्वयंपाकघरात फ्रिजवरच्या सेटपाशी यमुनाबाई. संध्याकाळी हे सांगणार, "रिंगरोडला लागलो गं," आणि त्या सांगणार, "कुकर लावते." दारात पाऊल टाकावं तर तिसरी शिट्टी. पुढे मोबाइल आले, सेट माळ्यावर गेला. पण घरी बसून आपली वाट ऐकणारं कुणीतरी आहे, याची जी ऊब असते ना, ती पुरुषोत्तमराव विसरले नव्हते. आता घरी बसून ऐकायचं काम त्यांचं. अपूर्वला ते लागणार होतं. माणसाला अंथरुणातून उठायला दुसरं काय हवं असतं हो?

सेट सापडला, चालूही झाला. त्यांनी घरावर एक अँटेना चढवून घेतली, पिकअपसाठी दुसरा सेट आणि नवी कोरी अँटेना मागवली. छातीपर्यंत येईल अशी स्टीलची बारीक काडी. केबिनच्या मागच्या लोखंडी दांड्यावर ती बसवायची, केबल दाराच्या रबराखालून आत घ्यायची. सांगायला सोपं आहे. पण पिकअपवर चढायचं म्हणजे अपूर्वनं खालून रेटायचं, स्क्रू दिसत नाही म्हणून वैभवीनं टॉर्च धरायचा, आणि हात थरथरतो ते दोघांनी पाहायचं नाही. पुरुषोत्तमराव स्वतःवरच चिडायचे. "काय मेलं हे म्हातारपण! एक नट लावायला तीन माणसं!" पण चिडत का होईना, हे तब्बल दोन वर्षांनी होत होतं.

अँटेना नीट जुळली की नाही ते सांगणारा मीटर पहिल्यांदा जोडला तेव्हा सुई जी उजवीकडे, म्हणजे वाईटाकडे, गेली ती तिथंच. पुरुषोत्तमरावांचा चेहरा पडला. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रंग! ब्रॅकेटखाली दांड्याचा रंग तसाच होता, अर्थिंग मिळणार कुठून? रंग खरवडून काढला, दांडा चकचकीत केला, आणि सुई खाली आली. बऱ्यापैकी खाली. बाकीचं काम कापण्याचं.

"हे बघ," ते वैभवीला समजावत होते. "आपण पाठवलेली ताकद काडीतून हवेत गेली पाहिजे. काडीची लांबी चुकली की ती उलटी फिरते आणि रेडिओच जाळते. पहिल्या चॅनलवर सुई चढली तर काडी आखूड, चाळिसाव्यावर चढली तर लांब. आपली लांब आहे. कापायची. पण नखं कापतो तशी, जरा जरा."

"एकदम कापली तर?"

"तर संपलं. लांब असेल तर आखूड करता येते. आखूड झालेली लांब कशी करणार? फेकून द्यायची."

असा सगळा उन्हाळा गेला म्हणा ना. रोज सकाळी अपूर्व कामाला निघण्याआधी पुरुषोत्तमराव ड्राइव्हवेवर हजर. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा करवतीनं काढायचा, टोक कानशीनं घासायचं, पिकअपचं दार लावून घ्यायचं, पुन्हा सुई बघायची. अपूर्व घड्याळाकडे बघत उभा राहायचा पण एका शब्दानं बोलायचा नाही. शेवटी एका शनिवारी पहिल्या, विसाव्या आणि चाळिसाव्या, तिन्ही चॅनलवर सुई जवळजवळ जागची हललीच नाही. एक्स्चेंजमध्ये असताना इतकं सुरेख काम त्यांच्या हातून झालं नव्हतं, असं ते म्हणाले, आणि ते उगाच बोलणारे नव्हते.

"चला, आत्ताच्या आत्ता टेस्ट! तुम्ही दोघं गावामागच्या चेविनच्या टेकडीवर जा, मी घरी बसतो. चॅनल वीस. आणि वैभवी, लक्षात ठेव, बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. दोन्ही एकदम नाही. बटण दाबलेलं असेल तोवर समोरच्यानं कितीही बोंब मारली तरी तुला काही ऐकू येणार नाही."

"आमच्या माहेरी हे चालायचं नाही बाबा. तिकडे सगळे एकदम बोलतात."

"माइकचा हूक तेवढा लावायचा राहिलाय. थांबा पाच मिनिटं."

"नंतर लावू बाबा," अपूर्व म्हणाला. "सीटवर ठेवतो." आणि गेले.

पुरुषोत्तमरावांनी फ्रिजवरचा सेट टेबलावर घेतला होता. चहा केला, तोही गरम गरम प्याले. थोड्या वेळानं खरखर थांबली आणि वैभवीचा आवाज इतका स्वच्छ आला, जणू शेजारच्या खुर्चीत बसून बोलतेय.

"...मग कधी सांगणार आहेस तू त्यांना?"

पुरुषोत्तमरावांना हसू आलं. सीटवर माइक, माइकवर हिची ती भली मोठी पर्स. बटण दाबलं गेलं असणार! त्यांनी आपला माइक उचलला. "वैभवी, पर्स उचल. पर्स!" पण आत्ताच स्वतः सांगितलं होतं की. त्यांना कुठून ऐकू जाणार?

"दिवाळीनंतर," अपूर्व म्हणाला.

"तुझं डोकं ठिकाणावर आहे का? मला तिकडे दक्षिणेत, बेसिंगस्टोकला, एक तारखेला जॉइन व्हायचंय. घर बघितलंय, डिपॉझिट दिलंय. पिकअपचा सौदा झालाय, फक्त ताबा द्यायचा राहिलाय. आणि ह्या माणसाला काही पत्ताच नाही!"

"मला जमत नाही गं सांगायला. तू बघतेस ना, किती हॅपी आहे तो."

"ते मलाही दिसतंय रे. म्हणूनच म्हणतेय. अजून किती दिवस? एक खरं सांग, तुला हा रेडिओ लागतो तरी का?"

पुरुषोत्तमराव खुर्चीतून पुढे सरकले.

"नाही," अपूर्व म्हणाला. "फोन सगळीकडे लागतो. फार्मर लोक सगळे टेक्स्टच करतात. आई गेली आणि बाबा नुसता खुर्चीत बसायचा. मला बघवत नव्हता. म्हटला, काहीतरी काम द्यावा. मला वाटला दोन दिवसात होईल. हे असा एवढा होईल मला काय माहीत?"

अहो, बंद करा की तो सेट! बटण बोटाशी तर आहे! पण बंद करतील तर ते पुरुषोत्तमराव कसले. त्यांनी माइक पुन्हा तोंडाशी धरला आणि "अपूर्व, अरे मी ऐकतोय, थांब," असं दोनदा तीनदा म्हटलं, आणि ते घरातच राहिलं. मग त्यांना टेलिफोन आठवला. उठून त्यांनी अपूर्वचा मोबाइल लावला.

सेटमधून घंटी वाजली. ऑटलीच्या स्वयंपाकघरात बसून त्यांना टेकडीवरचा फोन वाजताना ऐकू आला.

"बाबांचा आहे," वैभवी म्हणाली. "उचल ना."

"काय बोलू? ते विचारणार सिग्नल कसा आहे, किती क्लिअर आहे. मी आत्ता नाही बोलू शकत. थोडा थांब. मग करतो."

घंटी वाजत राहिली, इकडे कानात आणि तिकडे टेबलावर, दोन्हीकडून. मग थांबली. पुरुषोत्तमरावांनी फोन जागेवर ठेवला. सेटमधून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि वैभवी हळूच म्हणाली, "रडू नकोस रे. त्यांनाही घेऊन जाऊ आपण."

"ते येणार नाहीत. आईचा घर सोडून ते कुठे येणार नाहीत. माहीत आहे मला. तिकडे येऊन तरी काय करणार बाबा? परत खुर्ची."

एवढंही ऐकू आलं. काम चोख झालं होतं ना! एक अक्षर सुटलं नाही.

मग काहीतरी सरकलं, पर्स उचलली गेली असावी, आणि पुन्हा खरखर. चॅनल मोकळा. पुरुषोत्तमरावांच्या हातात माइक होता. इतका वेळ ज्यासाठी जीव तळमळत होता ते आता करता येत होतं. बटण दाबायचं आणि बोलायचं. सगळं बोलायचं.

"हॅलो, हॅलो! मिसळ, मिसळ, ऐकू येतंय का?" अपूर्वनं आवाज पार बदलला होता, लहान मुलाच्या वाढदिवसाला जादूगार काढतात तसा. "बाबा, आम्ही टेकडीवर आलो. ओव्हर!"

पुरुषोत्तमरावांचा अंगठा बटणावर होता. दाबला गेला नाही.

"बाबा? ऐकू येतंय का? ओव्हर." पुन्हा एकदा, मग वैभवीनं एकदा. मग तेही थांबले. जरा वेळानं घरचा फोन वाजला आणि त्यांनी तो उचलला.

"बाबा, काही ऐकू आला का?"

"नाही रे," पुरुषोत्तमराव म्हणाले. "नुसती खरखर."

ती दोघं परत आली तेव्हा पुरुषोत्तमराव ड्राइव्हवेवर उभे होते, हातात करवत घेऊन. अपूर्वचे डोळे लाल होते. त्यांनी तिकडे पाहिलं नाही.

"काही हरकत नाही बाबा," अपूर्व म्हणाला. "परत ट्राय करू. तुम्ही टेक युअर टाइम."

"लांब आहे अजून. कापायला हवी."

"बाबा, सकाळी तर सुई..." वैभवी बोलता बोलता थांबली. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून तिनं पर्स छातीशी धरली.

अपूर्वनं त्यांना खालून आधार देऊन वर चढवलं आणि स्वतः काडी धरून उभा राहिला. पुरुषोत्तमरावांनी टोकापासून हातभर खाली बोट ठेवलं.

"एवढी?" वैभवी म्हणाली. "मग ती फेकूनच द्यावी लागेल बाबा."

"एवढीच." करवत काडीवर टेकवून ते थांबले. "अपूर्व, एक विचारू? तुला लागणार आहे ना रे हा रेडिओ? नाही म्हणजे, लागणार नसेल तर सांग. मला काही वाटणार नाही."

अपूर्वनं काडी घट्ट धरली. वैभवी त्याच्याकडे बघत होती.

"लागणार म्हणजे काय बाबा! नक्की लागणार."

"मग झालं तर," पुरुषोत्तमराव म्हणाले, आणि कापायला लागले.