विमानाचे टवके उडवणारी माणसं

छंदाच्या कुठल्याही ग्रुपमध्ये थोडे दिवस काढलेत की दोन गोष्टी साठत जातात. एक, घरच्यांपासून लपवलेलं सामान. आणि दुसरी, किस्से. सामान माळ्यावर ढकलता येतं. किश्श्यांचं तसं नसतं, ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. तेव्हा बसा जरा, चहा टाकलाय.

आमचा ग्रुप म्हणजे इनमिन तीन माणसं. मी पिरंगुटला दातांची डॉक्टर. निखिल महाळुंग्याच्या एका टॉवरमध्ये राहणारा आयटीवाला. आणि ढमाले काका माले गावचे, हवाई दलात जन्मभर विमानांची देखभाल करून निवृत्त झालेले. कासार आंबोलीत हौसामावशींच्या घरामागे, पूर्वी भात साठवायचे ती खोली आम्ही भाड्याने घेतलीय. रविवारी तिथे बसून प्लास्टिकच्या विमानांची मॉडेल्स बनवतो. विमान आधी नवं कोरं रंगवायचं आणि मग मुद्दाम जुनं करायचं. टवके उडालेलं, धुराने काळवंडलेलं, खरोखर उडून आल्यासारखं. सगळी कला त्या जुनं करण्यातच आहे.

हे ऐकून माझ्या सासूबाईंनी काळजीने विचारलं होतं, "दवाखाना नीट चालतोय ना गं?"

* * *

टवके पाडायची युक्ती सोपी आहे. आधी चंदेरी रंग, त्यावर हेअरस्प्रेचा थर, त्यावर विमानाचा खरा रंग. मग ओल्या ब्रशने हळूच घासायचं. पाण्याने हेअरस्प्रे विरघळतो, वरचा रंग सुटतो आणि खालची चांदी डोकावते.

हेअरस्प्रे आणायचं काम एकदा निखिलवर आलं. आता निखिलच्या डोक्यावर केस नाहीत. म्हणजे अजिबातच नाहीत, गुळगुळीत मामला आहे. पौड रस्त्यावरच्या दुकानात जाऊन तो म्हणाला, "स्ट्राँग होल्डवाला द्या."

दुकानदाराने त्याच्या डोक्याकडे पाहिलं, मग बाटलीकडे पाहिलं. माणूस सभ्य होता, बाटली पुसून पुढे केली. निखिललाच राहवलं नाही. "विमानासाठी हवाय हो," तो म्हणाला.

दुकानदाराने जरा विचार केला. "मग मोठी बाटली न्या," तो म्हणाला. "छोटीत विमान होणार नाही."

* * *

हौसामावशींना आमच्या डोक्याची शंका पहिल्यापासून होतीच. एका रविवारी त्या दारात उभ्या राहून निखिलचं घासकाम बघत होत्या.

"सकाळी रंग दिला व्हय?"

"हो, मावशी."

"आन् आता काढतुयास?"

"हो."

"मग सकाळी दिला कशापायी?"

निखिल कंपनीत मोठमोठ्या लोकांना प्रेझेंटेशन देतो. इथे तो ब्रश पाण्यात बुचकळत राहिला. मावशी आत गेल्या आणि एक गंजका डबा घेऊन आल्या. "बैलांच्या शिंगांचा राहिलाय. ह्यो मारा. लई चिवट हाय, वरीसभर न्हाई निघायचा."

दया आली होती हो त्यांना आमची. डबा आम्ही मुकाट्याने ठेवून घेतला.

* * *

माझीही फजिती सांगते, नाहीतर निखिल सांगेल आणि तिखटमीठ लावून सांगेल.

विमानाच्या धुराड्याजवळ काजळी बसते. काळी नव्हे, तपकिरीही नव्हे, मधलीच काहीतरी. ती छटा मला काही केल्या जमत नव्हती. एके दिवशी दवाखान्यात एका आजींनी तोंड उघडलं आणि माझा जीवच अडकला. हीच ती छटा! "वा, काय सुंदर रंग आलाय," मी मोठ्याने बोलून गेले.

आजी तोंड मिटून म्हणाल्या, "मिश्री लावतीया मी. तुमीच मागल्या टायमाला शिव्या दिल्या व्हत्या."

मला सुचलं ते भलतंच. मी आमच्या रिसेप्शनिस्टला मिश्रीची पुडी आणायला पाठवलं. ती बारीक वाटून, वार्निशमध्ये कालवून विमानाला लावली. काजळी अशी उतरली की निखिल बघतच राहिला. पण पुडी डॉक्टरीणबाईंसाठी घेतली, ही बातमी दुकानातून गावभर पसरली होती. पुढच्या आठवड्यात दोन बायका तपासायला आल्या. त्यातली एक दुसरीला हळूच म्हणाली, "आपल्याला नको म्हनती, आन् सोता लावती बघ."

* * *

आता ढमाले काका. यांच्यासाठीच खरं तर एवढं बोलतेय.

काका आमच्यात आले ते एकच विमान करायला. एक जुनं हंटर, हवाई दलातलं लढाऊ विमान. ज्या पायलट साहेबांच्या विमानाची निगा त्यांनी वर्षानुवर्षं राखली, ते साहेब आता भूगावजवळच्या वृद्धाश्रमात असतात. काका शोधत शोधत त्यांना भेटायला गेले, खाडकन सॅल्यूट ठोकला. साहेबांनी शांतपणे विचारलं, "नळ दुरुस्त करायला आलात का? बाथरूम तिकडे आहे."

साहेबांच्या मुलीने बाहेर येऊन सांगितलं, बाबा आता कुणालाच ओळखत नाहीत, मलासुद्धा नाही. काका आम्हाला हे सांगत होते तेव्हा हातातला सँडपेपर उगाचच घडी करत होते. "मला काय नगं, डॉक्टर," ते म्हणाले. "येक डाव 'ढमाले' म्हणू द्यात. बास."

त्या दिवसापासून आमच्या खोलीत काकांचं विमान पहिलं आणि आमची नंतर.

* * *

पण काकांना एक जुनी खोड. सर्व्हिसमध्ये असताना विमानावर कुठेही टवका दिसला की हे ब्रश घेऊन हजर. टवका म्हणजे काकांची बेअब्रू.

निखिलने एक विमान तीन महिने खपून जुनं केलं होतं. पंखावर जिथे माणसं पाय देतात तिथे झिजलेलं, पेट्रोलच्या झाकणाभोवती खरचटलेलं, एकेक टवका माझ्या दात तपासायच्या टोकदार प्रोबने कोरलेला. पुण्याच्या प्रदर्शनात ते न्यायचं होतं. आदल्या दिवशी काका खोलीत एकटेच होते. आम्ही मावशींकडे पिठलं-भाकरी खाऊन परत आलो, तर विमान चकचकीत! एक टवका शिल्लक नाही.

निखिल धावतच टेबलापाशी गेला. "काका, हे... काय केलंत?"

काका स्वतःच्या हातातल्या ब्रशकडे बघत होते. त्यांनाही आत्ताच कळलं असावं. पण हवाई दलाचा माणूस, माघार कशी घेणार? छाती काढून म्हणाले, "मग काय, तसंच उडवणार व्हता?"

निखिल रडावं की हसावं अशा चेहऱ्याने खाली बसला आणि शेवटी हसलाच. ते विमान तसंच प्रदर्शनात गेलं. परीक्षक म्हणाले, "रंगकाम अतिशय स्वच्छ, पण जीव नाही." हे काकांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "जीव पायलटचा असतोय. तो जाऊ नये म्हणून तर स्वच्छ ठेवायचं."

परीक्षकांना हे ऐकवायला हवं होतं असं मला आजही वाटतं.

* * *

काकांचं हिरवं हंटर पूर्ण झालं तेव्हा ते असं लखलखत होतं की हात लावायची भीती वाटावी. आम्ही दोघं त्यांच्या मागे लागलो. मी म्हटलं, "काका, हे शोकेसमधलं विमान झालं. साहेब रोज ज्यात बसायचे ते असं होतं का? थोडं तरी जुनं करा."

"माझ्या विमानाला टवका? न्हाई जमायचं."

"साहेबांसाठी तरी?"

काकांनी विमान उचलून उजेडाला धरलं. पुढच्या रविवारी आम्हाला म्हणाले, "भाईर थांबा जरा." आम्ही मावशींच्या ओट्यावर बसलो. आतून हेअरस्प्रेचा फुस्स आवाज आला, मग तासाभराने ओल्या ब्रशची खसखस. दार उघडलं तेव्हा काकांच्या कपाळावर घाम होता. माणूस ऑपरेशन करून आल्यासारखा दमला होता.

सगळ्या विमानावर एकच टवका. तांदळाच्या दाण्याएवढा. पायलट बसतो त्या जागेच्या डाव्या काठावर.

निखिल आता टवक्यांचा तज्ज्ञ झालाय ना, तो लगेच म्हणाला, "काका, तिथे कशाला? तिथे पाय पडत नाही, हत्यार लागत नाही. तिथला रंग जाणारच नाही."

"म्हाईत हाय," काका म्हणाले आणि विमान फडक्यात गुंडाळायला लागले.

मी गाडी काढली. मागच्या सीटवर काका, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर विमान. भूगाव येईपर्यंत ते विमानावरचं फडकं नीट करत होते. आज नाही ओळखलं तर हा माणूस परत आमच्या खोलीत पाऊल टाकणार नाही, हे मला कळत होतं.

साहेब खिडकीशी बसले होते. मुलगी शेजारी होती. काकांनी विमान त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि दोन पावलं मागे सरून उभे राहिले. साहेबांनी काकांकडे पाहिलंच नाही. विमान उचललं, शेपटीपासून नाकापर्यंत नजर फिरवली. पंख पाहिले, पोट पाहिलं. कपाळावर आठी नाही, चेहऱ्यावर काहीच नाही. मुलीने माझ्याकडे बघून हळूच नकारार्थी मान हलवली.

मग साहेबांची नजर त्या टवक्यावर आली आणि तिथेच थांबली. त्यांनी अंगठ्याने तो चाचपला. डाव्या हाताच्या बोटातली सोन्याची अंगठी उजव्या हाताने गोल फिरवली. काठावर तो डावा हात टेकवला. अंगठी बरोबर टवक्यावर.

"ढमाले," ते मान वर न करता म्हणाले, "हे आजही रंगवायचं राहिलं का?"

मुलीने तोंडावर हात ठेवला. काका ताठ उभे. "सॉरी, सर. आत्ता करतो."

"माझीच अंगठी लागते रे चढताना. तू तरी किती वेळा लावणार?"

"रोज लावीन, सर."

"बरं." साहेबांनी विमान त्यांच्या हातात परत दिलं आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

गाडीत बसल्यावर मी मागे वळून बघायचं टाळलं. माझेच डोळे भरून आले होते आणि चांदणी चौकाकडून येणारी गर्दी समोर होती. मी गाडी सरळ माले रस्त्याला, काकांच्या घराकडे लावली.

"न्हाई डॉक्टर, आंबोलीला, खोलीवर घ्या," काका मागून म्हणाले. "टवक्यावरचा हिरवा सुकायला वेळ लागतोय. साहेबास्नी सकाळी विमान लागंल."