झालं का लिहून?

दहावी अर्धवट सोडलेल्या मोठ्या माणसांसाठी आम्ही गणिताचे ऑनलाइन धडे करत होतो. आमचा स्टुडिओ कॉलेज रोडला, एका मेडिकलच्या वर. एक खोली, भिंतींना फोम, एक कॅमेरा. शिकवणारे सर जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, सिन्नरहून एसटीने यायचे. त्यांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, नंतर आवाज राहणार नाही. त्याआधी सगळे धडे पुरे करायचे, एवढा एकच ध्यास त्यांना.

सरांची पद्धत जुनी. एक पायरी सांगायची, "लिहा" म्हणायचं आणि गप्प. मग शेवटचा बाक बघावा तसं कॅमेऱ्याकडे बघायचं. "झालं का लिहून?" पुन्हा गप्प. समोर कोण, तर हेडफोन लावून जांभया देणारा मी. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं होतं, "माझं थांबणं कापू नकोस हां. तेवढ्यात ती लिहितात. घर, कंपनी सांभाळून बसलेली असतात बिचारी, हात लवकर चालत नाही."

"हो सर, काळजीच करू नका," मी म्हणालो.

आणि कापलं. सगळं कापलं! एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये शांतता शोधून आपोआप उडवायची सोय असते, ती वापरली. "झालं का लिहून" तेवढं हातानं काढलं. अर्ध्या तासाचा धडा बारा मिनिटांवर आला. आवाज स्वच्छ, चित्र झकास. स्टुडिओच्या साहेबांनी पाठ थोपटली, मी फुगलो. मूळ शूटिंगचं काय केलं, तेही सांगून टाकतो. मी बाहेर लग्नाची कामं घ्यायचो आणि एका हळदीचा व्हिडिओ ठेवायला डिस्कवर जागा नव्हती. म्हणून सरांचं मूळ शूटिंग पुसून टाकलं.

धडे सुरू झाल्यावर सिन्नरच्याच एका ताईंचा फोन आला. तिथल्या कारखान्यात कामाला होत्या. "दादा, सर लय फास्ट जातात हो. लिहायला टाइमच नाय भेटत."

"मध्ये मध्ये थांबवायचं ना, ताई."

"थांबवते ना. पण कुठं थांबायचं तेच कळत नाय."

"मग स्पीड कमी करा."

"केली. तर सर दारू पिल्यावानी बोलतात."

फोन ठेवून मी हसलो. वर स्टुडिओतल्या पोरांना नक्कल करून दाखवली. आज आठवलं तरी कानशिलं तापतात. बाई बरोबर बोलत होती आणि मी शहाणा खिदळत होतो.

ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी सर स्टुडिओत आले. गळ्याला मफलर, हातात शंभर पानी वही. आता जे बोलायचं ते त्या वहीत. त्यांनी लिहून दाखवलं, "एक धडा लाव. विद्यार्थी होऊन बघतो."

मी लावला. सर पान उघडून आपलंच बोलणं उतरवू लागले. पहिली ओळ पुरी झाली. दुसरी अर्धी राहिली. तिसऱ्या ओळीला त्यांनी पेन खाली ठेवलं आणि नुसतं पडद्याकडे बघत राहिले. एक मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं. पण ते रागावलेसुद्धा नाहीत. पेन उचलून त्यांनी लिहिलं, "मूळ शूटिंग आहे ना? माझं थांबणं परत घालू या."

आणि माझ्याकडे बघत थांबले. अगदी तसेच, शेवटच्या बाकाकडे बघत थांबायचे तसे.

खरं ओठांवर आलं होतं. देवाशप्पथ आलं होतं. पण तोंडातून निघालं, "डिस्क उडाली, सर. आपोआप."

सरांनी मान हलवली. पुन्हा वहीत वाकले आणि सावकाश लिहिलं, "मशीनच ते. तू मनाला लावून घेऊ नकोस."

मग वही माझ्याकडे फिरवली, आणि माझं वाचून होईपर्यंत थांबले.